बिनतारी जाळें आणि पाण्याची पाळी

२०२५ सालीं अकरावीचे प्रवेश साऱ्या महाराष्ट्रभर ऑनलाइन पद्धतीनें होऊं लागले. त्यापूर्वीं ही रीत मुंबई-पुण्यासारख्या कांहीं मोठ्या शहरांपुरती होती. धुळें-जळगांवच्या मुलांस ती अगदीं नवीन. ज्यांच्या घरीं संगणक नाहीं, किंवा ज्यांच्या गांवांत मोबाइलची रेंज धड येत नाहीं, अशा मुलांनीं शाळेच्या संगणक-खोलींत येऊन अर्ज भरावे असें आम्हीं शिक्षकांनीं ठरविलें. खोलींत वाय-फायच्या दोन पेट्या पूर्वींपासून होत्या. गर्दी होणार म्हणून ऐन वेळीं तिसरी आणविली. विकणाऱ्यानें सांगितलें, "पेट्या जितक्या जास्त, तितका वेग जास्त," आणि विज्ञानाचे पदवीधर असूनहि आम्हीं तें निमूटपणें ऐकून घेतलें.

पहिल्या दिवशीं साक्रीकडील मुलें सकाळच्या एस. टी. नें आलीं, बरोबर त्यांचे आईबाप, त्यांतले कित्येक रोज बुडवून आलेले. अकराच्या सुमारास खोलींत तीसेक लॅपटॉप आणि त्याहून अधिक मोबाइल चालूं होते, आणि एकाहि पडद्यावर पान पुरें उघडत नव्हतें. एका मुलीनें तीन वेळां सारी माहिती भरली, तीन वेळां शेवटचें बटण दाबलें, आणि तीनहि वेळां पान कोरें झालें. चौथ्यांदां तिचे डोळे भरून आले. तिचे वडील भिंतीशीं उभे होते. ते शांतपणें म्हणाले, "सर, पेट्या तर तीन लावल्या, मग पाणी मुरतें कुठें?"

मजजवळ उत्तर नव्हतें. तेवढ्यांत एका सहकाऱ्यानें आपला मोबाइल त्या मुलीच्या हातीं दिला व तिला अंगणांतील लिंबाखालीं नेलें. तेथें मोबाइल कंपनीच्या जाळ्यावरून तिचा अर्ज दहा मिनिटांत गेला. म्हणजे दोष शासनाच्या संकेतस्थळाचा नव्हता. मग आम्हीं एक संगणक वाय-फाय सोडून तारेनें सरळ भिंतींतील जोडणीस लाविला. त्यावरहि पानें भराभर उघडलीं. म्हणजे बाहेरून शाळेंत येणाऱ्या फायबरचाहि दोष नव्हता. पाणी मुरत होतें तें पेटी आणि लॅपटॉप यांमधील दहा-बारा हातांच्या मोकळ्या जागेंत.

ती जागा मोकळी दिसते, पण ती मोकळी नसते, हाच या लेखाचा विषय आहे.

वाय-फाय ही जादू नव्हे. तो आकाशवाणीच्या जातीचाच बिनतारी लहरींचा व्यवहार आहे. या लहरी "हवेंतून" जातात असें आपण बोलतों, परंतु त्यांस हवा लागत नाहीं. त्या निर्वात पोकळींतूनहि जातात. जगदीशचंद्र बसू यांनीं १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें अशा लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली. १९२७ सालीं इंग्लंडशीं बिनतारी तारायंत्राची सेवा सुरू झाली, तेव्हां संदेश पाठविण्याचें केंद्र पुण्याजवळ खडकीस ठेविलें आणि संदेश घेण्याचें केंद्र पार दौंडास. त्याचें कारण विद्यार्थ्यांनीं मनांत ठेवावें, कारण पुढें तें पुनः लागणार आहे: जो स्वतः मोठ्यानें ओरडत असतो त्याला त्याच क्षणीं दुरून आलेली कुजबुज ऐकूं येत नाहीं.

आकाशवाणीच्या केंद्रास ठराविक लहर नेमून दिलेली असते. त्या लहरीवर त्या परिसरांत दुसऱ्या कोणीं बोलावयाचें नाहीं. वाय-फायचें तसें नाहीं. भारत सरकारनें २००५ सालीं २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठराविक शक्तीच्या आंत कोणासहि परवान्याशिवाय वापरण्यास मोकळा केला. गायरान जसें गांवाचें, तसा हा पट्टा सर्वांचा. तुमच्या घरची पेटी, शेजाऱ्याची पेटी, कानांत घालावयाचें ब्लूटूथचें यंत्र हीं सारीं त्याच गायरानावर चरतात, आणि अन्न गरम करावयाची मायक्रोवेव्ह भट्टीहि तेथेंच गोंगाट करिते. गायरानावर राखणदार नसला म्हणजे काय होतें हें खेड्यांतील वाचकांस सांगावयास नको.

याचा हिशेब प्रथम हवाई बेटांवर झाला. तेथील विद्यापीठांत नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७१ सालीं बेटाबेटांवरील संगणक रेडिओनें जोडले. नियम एकच होता: ज्याला बोलावयाचें त्यानें केव्हांहि बोलावें, दोघांचें बोलणें एकमेकांवर आदळलें तर प्रत्येकानें थोडा वेळ, ज्याचा त्याचा वेगळा, थांबून पुनः बोलावें. गणितानें असें निघालें कीं, या रीतीनें मार्गाच्या शक्तीपैकीं फार तर शेंकडा १८ भाग उपयोगी पडतो. बाकी सारें धक्काबुक्कींत आणि रिकामपणांत जातें. पुढें एवढाच नियम वाढविला कीं, बोलण्यास आरंभ करावयाचा तो घड्याळाच्या ठराविक ठोक्यावरच, तर तोच आंकडा सुमारें ३७ झाला. माणसें तींच, यंत्रें तींच, मार्ग तोच; एका शिस्तीनें काम दुप्पट झालें. वर्गांत गलका करणाऱ्यांनीं या आंकड्यांकडे विशेष लक्ष द्यावें!

१९९७ सालीं वाय-फायचें पहिलें प्रमाण ठरलें, तेव्हां त्यांत याहून शहाणी रीत घातली. बोलण्यापूर्वीं ऐकावयाचें. मार्ग रिकामा दिसला तरी लगेच तोंड उघडावयाचें नाहीं. प्रत्येक यंत्र मनांतल्या मनांत ० ते १५ पैकीं एका आंकड्याची चिठ्ठी काढतें आणि तितके लहान क्षण मोजतें. हा क्षण सामान्यतः ९ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखांश भागाच्या नऊपट असतो. ज्याची मोजणी आधीं संपेल तो बोलतो. इतर आपली मोजणी तेथेंच थांबवितात व तो गप्प झाल्यावर पुढें चालूं करितात. दोघांची चिठ्ठी एकच निघाली तर टक्कर होते. मग पुढच्या वेळीं चिठ्ठ्या ० ते ३१ मधून काढावयाच्या, पुनः टक्कर झाल्यास ० ते ६३ मधून, याप्रमाणें. यांत वरिष्ठ कोणी नाहीं, पंच नाहीं, हजेरी नाहीं. तरी काम चालतें, आणि चार-सहा यंत्रें असतां फार छान चालतें.

आतां आमच्या खोलीकडे वळूं. या पट्ट्यांत वाय-फायसाठीं १३ चॅनेल आंखलेले आहेत व त्यांचे मध्यबिंदु पांच-पांच मेगाहर्ट्झवर आहेत. परंतु बोलणाऱ्या पेटीस जागा लागते सुमारें वीस मेगाहर्ट्झ. पांच हातांवर खुंट्या ठोकून वीस हात रुंद तंबू उभारावयाचे म्हटल्यास जें होईल, तें येथें होतें. पहिल्या खुंटीवर तंबू उभा केला तर त्यास लागूनचा दुसरा तंबू मोकळेपणानें सहाव्या खुंटीवर उभा राहील, तिसरा अकराव्या. म्हणून १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांस न शिवतां वापरतां येतात. तेरा आहेत हें केवळ दिसण्यापुरतें.

आमच्या जुन्या दोन्ही पेट्या चॅनेल ६ वर होत्या, आणि नवी पेटी आठवर बसली होती. एकाच चॅनेलवरील दोन पेट्या म्हणजे एकाच वर्गांत शिकविणारे दोन शिक्षक. दोघे सभ्य असतील तर पाळीपाळीनें बोलतील, पण तासाची मिनिटें कांहीं वाढत नाहींत. सहा आणि आठ यांची गोष्ट त्याहून वाईट. हे चॅनेल एकमेकांवर अर्धेमुर्धे चढतात; एकाचें बोलणें दुसऱ्यास भाषा म्हणून ओळखूं येत नाहीं, नुसता कल्लोळ म्हणून ऐकूं येतो. त्यामुळें पाळी नीट पाळली जात नाहीं, आणि बोललेलें पुसलें जातें तें वेगळेंच. तिसऱ्या पेटीनें आमचा वेग वाढविला नाहीं. होता तोहि बुडविला. विकणाऱ्यास दोष देण्यापेक्षां आम्हीं त्या दिवशीं आपलें ज्ञान घरीं ठेवून आलों होतों असें म्हणणें खरें.

याखेरीज आणखी एक चोर होता, आणि तो गणितांतच सांपडतो. पेटीपासून दूर असलेलें किंवा भिंतीआड गेलेलें यंत्र चुका टाळण्यासाठीं सावकाश बोलतें. एका पुडक्यांत १५०० बाइट, म्हणजे १२,००० बिट आहेत असें धरूं. जवळचा लॅपटॉप सेकंदास ५४ मेगाबिट या वेगानें बोलत असेल तर तें पुडकें २२२ मायक्रोसेकंदांत जाईल. अंगणाच्या टोकाला, पत्र्याच्या शेडखालीं उभ्या असलेल्या कोणाचा मोबाइल ६ मेगाबिटनें बोलत असेल तर त्याच पुडक्यास २००० मायक्रोसेकंद लागतील. आतां दोघांना एकाआड एक पाळी मिळते असें समजा. एका फेरीस लागले २२२२ मायक्रोसेकंद, आणि तेवढ्यांत प्रत्येकाचें एकच पुडकें गेलें. म्हणजे दोघांचाहि वेग सेकंदास सुमारें ५.४ मेगाबिट. जवळच्याचा ५४ वरून ५.४ वर आला! मध्यें थांबण्याचा जो वेळ जातो तो मीं धरलेलाच नाहीं. विद्यार्थ्यांनीं तो धरून पाहावा. पाळी समान, पण वेळ समान नाहीं. त्या सकाळीं अंगणांत थांबलेल्या पालकांचे मोबाइल, मागें केव्हांतरी सांकेतिक शब्द घेतल्यामुळें, आपोआप आमच्या जाळ्यास चिकटले होते. कोणी त्यांवर गाणीं ऐकत होतें असेंहि नव्हे. खिशांतले मोबाइल आपापल्या मनानें चित्रें पाठवीत बसले होते.

दुपारीं जेवणाच्या सुटींत हें सारें मीं त्या मुलीच्या वडिलांस, त्यांनीं विचारलें म्हणून, फळ्यावर काढून दाखविलें. ते पांझरेकांठचे शेतकरी. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "म्हणजे सर, तुमच्या खोलीला पाटकरी नाहीं."

या एका वाक्यानें मला माझ्या चार पुस्तकांहून अधिक शिकविलें. शहरांतील विद्यार्थ्यांस पाटकरी म्हणजे काय हें कदाचित् ठाऊक नसेल, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. धुळें व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम, आरम वगैरे नद्यांवर फड पद्धतीचें ओलित कित्येक शतकांपासून चालत आलेलें आहे. नदीवर दगडी बंधारा घालून पाणी अडवितात, तें पाटानें काढतात, आणि पाटाखालील जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडतात, हेच फड. एका फडांत त्या वर्षीं सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें. ऊस यंदां या फडांत, तर पुढें दुसऱ्या. शेतकऱ्याचे तुकडे निरनिराळ्या फडांत असतात, त्यामुळें उसाचा फायदा आणि कोरड्याचा तोटा दोन्ही फिरत फिरत सर्वांच्या वांट्यास येतात. पाणी कोणीं स्वतः फोडून घ्यावयाचें नाहीं. तें देणारा पाटकरी गांवानें नेमलेला असतो, पिकावर जागल्या असतो, आणि त्यांचा मेहनताना पूर्वीं धान्याच्या रूपानें दिला जाई. पाणी कमी असेल त्या वर्षीं भिजवावयाचें क्षेत्रच सर्वांनीं मिळून कमी करावयाचें. वरच्यानें पोटभर प्यावें आणि शेवटच्यानें आकाशाकडे पाहावें, असें होऊं द्यावयाचें नाहीं. पुढें मोठीं धरणें, विहिरी आणि पंप आले, आणि बहुतेक फड मोडकळीस आले. कांहीं ठिकाणीं मात्र ही रीत टिकून आहे.

मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत आले, आणि तरुणपणींच त्यांची नेमणूक खानदेशांत, धुळ्यास, झाली. पांझरेच्या एका पाटासाठीं नळांचा सायफन बांधण्याचें अवघड काम त्यांनीं येथेंच पुरें केलें. पुढें नीरेच्या कालव्यावर त्यांनीं ब्लॉक पद्धति आणिली. जमिनीचे गट पाडून पिकें फिरवीत पाणी देण्याची ती रीत आणि आपला फड यांत मोठें साम्य आहे. आपल्या धुळ्यास वीज-अभियंते होऊं इच्छिणाऱ्या मुलांनीं पाटावर एकदां जाऊन यावें, असें मला यामुळेंच वाटतें.

फडाशीं ताडून पाहिलें म्हणजे वाय-फायमधील सुधारणांचीं अवघड इंग्रजी नांवें सोपीं होतात. १, ६, ११ असे चॅनेल वांटून देणें म्हणजे फड पाडणें. ज्या पेटीवर गर्दी आहे तिनें, "मजकडे इतके जण आहेत," अशी दवंडी पिटणें, हें २००५ च्या सुधारणेनें आलें. शेजारीं कोणती पेटी आहे व तिच्याकडे जावें कीं नाहीं, हें मोबाइलला सुचविण्याच्या खुणा २००८ व २०११ च्या सुधारणांनीं आल्या, हाच पाटकरी. तथापि येथें एक लबाडी आहे. कोणत्या पेटीस चिकटून राहावयाचें हें शेवटीं मोबाइल ठरवितो, पेटी नव्हे. ती फक्त सुचविते. म्हणून पुष्कळ मोबाइल पहिल्या भेटलेल्या पेटीस, ती दूर राहिली तरी, धरून बसतात. पाटकऱ्यानें दार बंद केल्यावरहि बांध फोडणारा शेतकरी सर्व काळीं असतोच!

अलीकडील पेट्यांत, ज्यांस वाय-फाय ६ म्हणतात, आणखी एक युक्ति आहे. प्रत्येक जाळ्यास १ ते ६३ पैकीं एक आंकडा देतात व त्यास "रंग" म्हणतात. कानीं आलेलें बोलणें दुसऱ्या रंगाचें व बरेंच क्षीण असेल तर यंत्र त्यासाठीं थांबत नाहीं. दुसऱ्या गल्लींतली दवंडी म्हणून तें आपलें काम चालूं ठेवितें. गर्दीच्या ठिकाणीं याचा उपयोग होतो.

परंतु पाणी आणि बिनतारी मार्ग यांत एक मोठा भेद आहे, आणि तो त्या शेतकऱ्यास सांगतांना माझ्या स्वतःच्या ध्यानांत आला. बंधाऱ्यांतील पाणी आज वापरलें नाहीं तर उद्यां राहतें. मार्गाचा वेळ साठवितां येत नाहीं. जो क्षण रिकामा गेला तो गेला. रात्रीं वापरली नाहीं म्हणून पेटी सकाळीं दुप्पट वेग देत नाहीं. घरीं येणारी फायबरची जोडणीहि तशीच. जळगांवास माझ्या बहिणीच्या गच्चीवर मोबाइल उघडला तर शेजाऱ्यांच्या आठ-दहा जाळ्यांचीं नांवें दिसतात. प्रत्येक घर महिन्याचे पैसे भरतें, आणि दिवसाचा मोठा भाग ती जोडणी रिकामी पडून असते; आणि रात्रीं नऊ वाजतां एखाद्या घरीं चार जण बसतात तेव्हां तीच अपुरी पडते. शेजाऱ्याची त्या वेळीं रिकामीच असेल. ती उसनी घेतली तर शेजाऱ्याचें काय जाईल? पाणी उसनें दिलें तर कमी होतें. रिकामा क्षण उसना दिला तर कांहींच कमी होत नाहीं, कारण तो तसाहि वाहून जाणारच होता.

हा विचार स्पेनमधील टेलिफोनिका या कंपनीच्या बार्सिलोना येथील संशोधकांनीं खरोखर करून पाहिला. "बी-वायफाय" या नांवाच्या त्यांच्या प्रयोगांत, जवळजवळच्या घरांतील ज्या पेट्यांच्या लहरी एकमेकींपर्यंत पोहोंचतात, त्या एकमेकींस आपली रिकामी जोडणी वापरूं देत. कातालोनियांतील एका गांवीं त्यांनीं ती रीत लोकांच्या घरांतच चालवून पाहिली. नियम फडासारखाच साधा होता: जोडणीच्या मालकानें काम सुरू केलें कीं पहिला हक्क त्याचा, उरलेल्यांतूनच शेजाऱ्यास द्यावयाचें. मात्र ज्या बिनतारी मार्गानें हें उसनवार करावयाचें तोच जर गर्दीनें भरलेला असेल, तर शेजाऱ्याची जोडणी रिकामी असूनहि उपयोग नाहीं. विहीर भरलेली आहे पण पाटांत गाळ आहे, तशी ती स्थिति. आमच्या खोलींत नेमकें हेंच झालें होतें.

पालकांपैकीं कोणी यावरून आजच शेजाऱ्यास आपला सांकेतिक शब्द देऊन टाकूं लागतील, म्हणून सांगून ठेवितों. जोडणी ज्याच्या नांवावर, तिच्यावरून जें कांहीं होईल त्याची चौकशी प्रथम त्याच्याकडे येते. शिवाय शब्द एकास दिला म्हणजे तो गल्लीभर होतो. पुष्कळ पेट्यांत पाहुण्यांसाठीं निराळें जाळें उघडण्याची सोय असते. तें आपल्या घरच्या यंत्रांपासून अलग राहतें, आणि त्यास वेगाची मर्यादाहि बहुधा घालतां येते. द्यावयाचेंच तर तें द्यावें. उघड रीतीनें वांटावयाचें असेल, तर केंद्रीय मंत्रिमंडळानें ९ डिसेंबर २०२० रोजीं मंजूर केलेली पी. एम.-वाणी योजना आहे. तिच्यांत किराणा दुकानदारासहि, वेगळा परवाना न काढतां, आपल्या दुकानांतून वाय-फाय देतां येतें, आणि वापरणाऱ्याची ओळख नोंदविण्याची व्यवस्था त्या योजनेंतच केलेली आहे.

आतां आम्हीं पुढें काय केलें तें सांगून लेख संपवितों. त्याच संध्याकाळीं तीन पेट्यांपैकीं एक चॅनेल १ वर, एक ६ वर व एक ११ वर ठेविली. तिन्ही एकाच खोलींत ठेवण्याऐवजीं एक ग्रंथालयांत नेली. जुन्या दगडी भिंतीमुळें तेथें आमची पेटी पोहोंचत नव्हतीच, आणि तीच भिंत आतां दोन पेट्यांना एकमेकींपासून वेगळें ठेवण्याच्या कामीं आली. प्रत्येकीची शक्ति कमी केली. हें पुष्कळांस उलटें वाटतें. परंतु खडकी-दौंडची गोष्ट आठवा: जी पेटी गरजेहून मोठ्यानें बोलते ती दूरच्यांना उगाच गप्प बसविते, आणि ज्या मोबाइलचा क्षीण आवाज तिला ऐकूं येत नाहीं त्यांनाहि स्वतःकडे ओढते. शक्ति कमी होतांच अंगणांतले मोबाइल आपोआप सुटले. अगदीं सावकाश वेगानें बोलण्याची मुभा पेट्यांत बंद केली, म्हणजे पत्र्याच्या शेडखालील यंत्रानें साऱ्या खोलीचा वेळ खाऊं नये. खोलींतील नव्या लॅपटॉपांस ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेलें. २०१८ सालीं सरकारनें या पट्ट्यांतील ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे केले, त्यामुळें तेथें जागा पुष्कळ आहे. तेथील लहरी भिंतींत लौकर विरतात, हा घरांत दोष, पण शाळेंत एक गुणच, कारण शेजारच्या वर्गास त्यांचा त्रास होत नाहीं. केळीच्या बागेंतील घरांत राहणाऱ्या मुलांनीं मात्र हें करूं नये. ओल्या पानांच्या दाटींतून २.४ चा पट्टाच त्यातल्या त्यांत बरा जातो.

एवढें करूनहि दुसऱ्या दिवशीं आम्हीं मुलांना पंधरा-पंधराच्या तुकड्यांनीं आंत घेतलें, आणि पालकांस विनंति केली कीं, मोबाइलवरील वाय-फाय तूर्त बंद ठेवावें. नवी पेटी विकत आणण्यास पैसे लागले होते. या साऱ्या दुरुस्तीस एक संध्याकाळ आणि एक शिडी लागली. सायंकाळपर्यंत आलेल्या सर्व मुलांचे अर्ज गेले. शिरपूरकडील एक मुलगा शेवटच्या एस. टी. च्या आधीं कसाबसा पोहोंचला, त्याचाहि गेला.

संगणक-खोलीच्या दारामागें आतां एक तक्ता टांगलेला आहे. नववीचीं दोन मुलें दर सोमवारीं मोबाइलवरील एका ॲपनें आसपासचीं जाळीं कोणत्या चॅनेलवर आहेत तें पाहून त्यावर लिहितात. त्यांस वर्गांत सर्वजण पाटकरी म्हणतात. रस्त्यापलीकडील एका दुकानानें नवी पेटी लाविली ती नेमकी अकरावर आली, हें त्यांच्याच तक्त्यावरून कळलें, आणि ग्रंथालयाची पेटी त्यांनीं एकवर घेऊन एकची अकरावर नेली, कारण ग्रंथालय रस्त्याच्या बाजूस आहे.